पॉइंटवाली मेंबरशिप: एक रात्र खरंच कितीला पडते?

हॉलिडे क्लबची २५ वर्षांची मेंबरशिप ५ लाखांना, वर्षाला ७ रात्री, म्हणून ज्यांनी ५ लाख भागिले २५ वर्षं भागिले ७ रात्री करून एक रात्र २,८५७ ला काढलीय ना, नाशिकच्या गंगापूर रोडच्या हॉटेलात फुकट जेवण घालून सेल्सवाले दाखवतात तो अगदी हाच हिशोब. अहो त्यात १८% जीएसटी कुठंय? ५ चे तिथेच ५.९० झाले. आणि पैसे एकरकमी जातात, बँकेत ७ टक्क्याने ठेवले असते तर मुद्दलासकट २५ वर्षं दरसाल साधारण ५०,६०० काढता आले असते, तो झाला पहिला खर्च. वर क्लबचा दरवर्षीचा मेंटेनन्स, समजा २० हजार, त्यावरही जीएसटी धरून २३,६००. म्हणजे वर्षाला ७४,२००, तुम्ही फिरा नाहीतर घरी बसा, आणि मेंटेनन्स वाढतच जातो.

आता रात्री मोजूच नका, पॉइंट मोजा. रूम बुक करायला क्लब दरवर्षी पॉइंट देतो, समजा वर्षाला १०० मिळतात, तर एक पॉइंट ७४२ ला पडला. जुलैत १० पॉइंटला मिळणारी रूम दिवाळीत २० मागत असेल तर ती रात्र १४,८४० ची, आणि पोरांच्या शाळेमुळे आपण जाणार तेव्हाच ना! जेवणखाण वेगळं, न वापरता लॅप्स झालेल्या पॉइंटचं तर बोलायलाच नको.

रिटायर्ड मंडळी पावसाळ्यात सगळे पॉइंट वापरून १० रात्री काढत असतील तर ७,४२० पडतात, त्यांचं एकवेळ जमेल. पण तुलना ब्रोशरमधल्या रॅक रेटशी, म्हणजे रूमच्या छापील पूर्ण दराशी, करू नका राव, तो कोण भरतं, त्याच तारखेला तशीच रूम बुकिंग अ‍ॅपवर कितीला मिळते ते बघा.