रिलीजला हिरवा कंदील कोणी दाखवायचा: मॉडेलने की माणसाने?

अर्धविराम
कोडमधल्या कोणत्या बदलासाठी कोणत्या टेस्ट (कोड नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम) चालवायच्या हे मशीन लर्निंगने ठरवण्यात आता नवलाई उरलेली नाही. फेसबुकने २०१८ मध्येच आपली पद्धत जाहीर केली: ग्रेडियंट बूस्टिंगचं (एकामागून एक छोटे निर्णयवृक्ष जोडत शिकणारं) मॉडेल, बदललेल्या कोडवर अवलंबून असलेल्या टेस्टपैकी एक तृतीयांशच चालवायच्या, आणि तरी ९९.९ टक्क्यांहून जास्त सदोष बदल सापडतात. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. रिलीजची, म्हणजे नवी आवृत्ती ग्राहकांपर्यंत सोडण्याची, मंजुरीही मॉडेलनेच द्यावी. रात्री अकरा वाजता चाळीस बदलांची यादी पुढे ठेवून मॅनेजरकडून घेतलेलं 'अप्रूव्ह्ड' ही नुसती सही असते. यादी वाचून त्यातला धोक्याचा बदल कोणालाच ओळखता येत नाही. मॉडेलला दिसतं: किती फायली बदलल्या, त्या अलीकडे किती वेळा बदलल्या होत्या, लिहिणाऱ्याचा त्या मॉड्यूलमध्ये हात किती बसलेला आहे, सहकाऱ्याने केलेला कोडचा रिव्ह्यू किती मिनिटांत उरकला.

खलबत्ता
टेस्ट निवडीपर्यंत सहमत, मंजुरीला ठाम विरोध. निवडीत सुटलेली टेस्ट रात्रीच्या पूर्ण रनमध्ये सापडते. मंजुरीतली चूक थेट ग्राहकाच्या दारात जाते. आकडे मांडून बघा. १००० रिलीज, त्यातले २० खराब. मॉडेल चांगलं धरू: खराबांपैकी ९० टक्के पकडतं, चांगल्यांपैकी १० टक्क्यांवर उगाच लाल दिवा लावतं. म्हणजे १८ पकडले, २ सुटले आणि ९८ चांगले रिलीज अडले. लाल दिव्याच्या ११६ पैकी खरे १८, सहात एकसुद्धा पडत नाही. मग लाल दिसला की टीम न वाचता ओव्हरराइड ('तरीही सोडा') दाबायला लागते.

शिवाय २० खराब रिलीजवरून मॉडेल शिकणार तरी काय? एखादा सर्टिफिकेटची मुदत संपल्याने पडतो, एखादा मायग्रेशनने (डेटाबेसची रचना बदलताना) मोठं टेबल लॉक केल्याने, एखादा दुसऱ्या टीमने एपीआय (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) बदलल्याने. प्रत्येकाचं कारण निराळं.

रातराणी
टेस्ट निवडीलाही तुम्ही दोघं फार सहज 'ठीक आहे' म्हणताय. ती बिघडते शिकवण्याच्या डेटातच. एक बदल आणि एक टेस्ट अशी जोडी म्हणजे डेटाची एक ओळ, उत्तर पास किंवा फेल. पण गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्ट थोड्याफार फ्लेकी (कोड तोच असूनही कधी पास, कधी फेल होणाऱ्या) आहेत आणि पासवरून फेलवर गेलेल्या निकालांपैकी ८४ टक्क्यांत फ्लेकी टेस्टच असते. असे निकाल जसेच्या तसे दिले तर मॉडेल बग सोडून फ्लेकीपणाच ओळखायला शिकतं. फेल झालेली टेस्ट त्याच कमिटवर (कोडच्या त्याच नोंदवलेल्या स्थितीवर) अनेकदा चालवा. एकदा जरी पास झाली तरी ती ओळ 'फेल' म्हणून देऊ नका.

डेटाची विभागणी तारखेने करा: आधीचे दहा आठवडे शिकवायला, पुढचे दोन तपासायला. सरमिसळ केली की उद्याची माहिती आजच्या अंदाजात झिरपते आणि अचूकता खोटीच वर चढते.

सगळ्यात वाईट म्हणजे, वगळलेल्या टेस्टचा निकाल कधी मिळतच नाही, त्यामुळे मॉडेलची चूक त्याच्या पुढच्या डेटात उमटत नाही. म्हणून पाच टक्के बदल चिठ्ठी काढल्यासारखे उचलून त्यांच्यावर सगळ्या टेस्ट चालवाव्याच लागतात. कॉन्फिग (सेटिंग), लॉकफाइल (बाहेरच्या लायब्ररींच्या आवृत्त्यांची यादी) किंवा स्कीमा (डेटाबेसची रचना) बदलला असेल तर मॉडेलला विचारूच नका, पूर्ण संच चालवा.

अर्धविराम
खलबत्ता, ११६ चं गणित बरोबर, निष्कर्ष पटत नाही. लाल म्हणजे अडवणं असं कशाला? लाल असेल तर कॅनरी (नवी आवृत्ती आधी थोड्याच ट्रॅफिकवर चालवून बघणं) सावकाश: १ टक्का, मग ५, मग २५, प्रत्येक पायरीवर थांबून. हिरवा असेल तर त्याच पायऱ्या भराभर. खोट्या लाल दिव्याची किंमत मग काही तासांचा उशीर एवढीच. नेटफ्लिक्स आणि गूगलने २०१८ मध्ये खुलं केलेलं केयेंटा हे साधन जुन्या-नव्या आवृत्तीचे मेट्रिक (एरर, वेग यांसारखे आकडे) ताडून गुण देतं आणि त्यावरून पुढे जायचं की मागे फिरायचं ते आपोआप ठरवता येतं.

आणि माणसाच्या हातावर विसंबायचं तर नाइट कॅपिटल ही शेअर व्यवहार करणारी अमेरिकन कंपनी आठवा. १ ऑगस्ट २०१२, आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहिला, तिथला जुना वापरातून गेलेला कोड जागा झाला, पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान.

खलबत्ता
केयेंटाचा निवाडा मान-व्हिटनी या जुन्या संख्याशास्त्रीय चाचणीवर चालतो, शिकवलेल्या मॉडेलवर नाही. कोणत्या मेट्रिकमुळे गुण घसरले ते दाखवता येतं, म्हणून मला ते चालतं. नाइट कॅपिटलमध्ये आठही सर्व्हरवरच्या बिल्डचा चेकसम (फाइल तीच आहे का हे सांगणारा आकडा) जुळवला असता तरी भागलं असतं.

यंत्राने दिलेल्या मंजुरीचं उदाहरण हवं तर सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या क्राउडस्ट्राइकचं १९ जुलै २०२४ चं अपडेट घ्या. टेम्प्लेटमध्ये २१ फील्ड, सेन्सर (मशीनवर चालणारं त्यांचं सॉफ्टवेअर) पुरवत होता २०, आणि अपडेटची फाइल तपासणाऱ्या व्हॅलिडेटर प्रोग्रॅमने ती पास केली. आधीच्या टेस्टमध्ये २१ व्या फील्डला वाइल्डकार्ड ('काहीही चालेल' अशी खूण) होतं, म्हणून फरक उघडा पडला नव्हता. सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळल्या. व्हॅलिडेटरच्या जागी मॉडेल असतं तरी त्यानेही हिरवाच दिला असता, कारण त्या प्रकारच्या आधीच्या फायली सुरळीत गेल्या होत्या.

उंबरठा
ती फाइल टप्प्याटप्प्याने सोडली असती तर आकडा एवढा झाला नसता, हेही लिहा. पण कॅनरीवरही इतका भरवसा नको. सेकंदाला ५० रिक्वेस्ट येणाऱ्या सेवेचा १ टक्का म्हणजे दहा मिनिटांत ३०० रिक्वेस्ट. एररचं नेहमीचं प्रमाण ०.१ टक्का असेल तर अपेक्षित एरर ०.३. प्रमाण दुप्पट झालं तरी दिसणार नाही, आणि काही न दिसणं म्हणजेच हिरवं असं यंत्र धरतं. ३० एरर अपेक्षित असाव्यात असं म्हटलं तर ३०,००० रिक्वेस्ट हव्यात, म्हणजे १६ तास ४० मिनिटं. अशा सेवेला थेट २५ टक्क्यांपासून सुरू करा, नाहीतर नोंदवून ठेवलेला ट्रॅफिक दोन्ही आवृत्त्यांवर चालवून उत्तरं ताडा.

तुलना चालू प्रॉडक्शनशीही करू नका. आठवडाभर चाललेल्या प्रोसेसची कॅश (पटकन मिळावा म्हणून हाताशी ठेवलेला डेटा) भरलेली असते, तिच्यापुढे नवी आवृत्ती उगाच संथ दिसते. जुन्याच आवृत्तीचे तेवढेच ताजे इन्स्टन्स (नव्याने सुरू केलेल्या प्रती) शेजारी उभे करा.

अर्धविराम
कमी ट्रॅफिकच्या सेवा वगळल्या. बाकीच्यांसाठी तीन महिने मॉडेल फक्त कौल नोंदवू दे, मंजुरी माणूस देईल. माणसाने किती रिलीज अडवले आणि त्यातले किती खरंच खराब निघाले, हेही त्याच तक्त्यात मोजा. आजवर माणसाची अचूकता कोणी मोजतच नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

खलबत्ता
मोजा, जरूर मोजा. पण पैसे हलवणाऱ्या सेवा आणि मागे न घेता येणारी मायग्रेशन त्यात धरू नका. डेटाबेसमधला कॉलम ड्रॉप झाल्यावर कोडचा रोलबॅक करून (जुनी आवृत्ती परत आणून) डेटा परत येत नाही. तिथे मंजुरीखाली माणसाचंच नाव हवं.