एएनए पॉझिटिव्ह, बाकी सगळं नॉर्मल. पुढे काय?

चिंगी
वर्ष झालं, सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की टूथपेस्टचं झाकण दातांनी फिरवते. सैल व्हायला तास-दीड तास जातो. थंड पाण्यात हात घातला की दोन बोटांची टोकं पांढरीफटक, मग निळी. उन्हातून आले की गाल लाल. थकव्याचं तर विचारूच नका. एएनए (आपल्याच पेशींवर उलटलेल्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी) १:१६०, स्पेकल्ड म्हणजे ठिपकेदार. आरए फॅक्टर (संधिवाताची तपासणी) निगेटिव्ह, सीआरपी (सुजेची तपासणी) नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका, वजन कमी करा. (झाकण उघडत नाही त्याचा वजनाशी काय संबंध, देव जाणे.) संधिवाततज्ज्ञांची वेळ महिन्याभराने मिळाली आहे. तोवर एएनए पुन्हा करू का? मावशीकडे स्टेरॉइडच्या गोळ्या आहेत, घेऊन बघ म्हणतेय.

लॅबवाला
मी लॅबमध्ये असतो, डॉक्टर नाही. एएनए पुन्हा करू नका, हाती नवीन काही लागणार नाही. धडधाकट माणसांतही साधारण ५ टक्के जणांचा १:१६० ला, म्हणजे रक्त १६० पट पातळ करूनही, पॉझिटिव्ह येतो. ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) २०१९ च्या निकषांत किमान १:८० एएनए लागतोच, पण तेवढ्याने नुसतं दार उघडतं, गुण पुढच्या गोष्टींना असतात. डीएस-डीएनए, एसएम आणि रो (Ro) या अँटिबॉडी, सी३-सी४ (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रोटीन), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) यांबद्दल विचारा. आणि लघवी! तीच नेमकी राहून जाते. मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला दुखत-खुपत नाही, लघवीतून प्रोटीन मात्र जात राहतं.

ना_धड_हे_ना_ते
अगं, मावशीच्या गोळ्यांना हात लावू नकोस. सूज दबते आणि तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना काही दिसतच नाही. त्यापेक्षा फोटो काढ. माझी बोटं एकाही डॉक्टरांसमोर पांढरी झाली नाहीत, एसीतसुद्धा. मोबाइलमधला फोटो दाखवला तेव्हा कुठे डॉक्टरबाईंनी नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडून भिंगातून केशवाहिन्या बघितल्या, आणि त्यांचा सूरच बदलला. माझ्या कागदावर अजून 'अनडिफरन्शिएटेड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज' आहे, म्हणजे कुठल्याच एका खणात बसत नाही. तरी औषध चालू आहे, बरं वाटतं. नावाचा फार धोशा लावू नकोस.
एक सांग, गालांवरची लाली नाकाशेजारच्या घडीत येते की घडी सोडून? ल्युपसमध्ये बहुधा घडी सुटते, रोझेशियात (चेहरा लाल होणारा त्वचेचा आजार) तसं असेलच असं नाही. आणि तोंडात फोड?

चिंगी
घडी कोरी असते. फोड आहे, वर टाळूला. दुखत नाही म्हणून डॉक्टरांना सांगितलाच नव्हता.

लॅबवाला
न दुखणारा म्हणूनच सांगा, तोही फोटोसकट. लघवीची तपासणी फॅमिली डॉक्टरांकडूनच या आठवड्यात उरकून घ्या. लघवीला फेस, पायांवर सूज किंवा श्वास घेताना छातीत कळ, यातलं काहीही दिसलं तर महिना थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.