कोल्हापूर ते नागपूर: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ

पंचगंगाकाठ:
नमस्कार. माझे वडील ७६ वर्षांचे असून त्यांना कोल्हापूरहून नागपूरला न्यायचे आहे. महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे-मनमाडचा वळसा घेऊन जाते आणि त्यात एक दिवसाहून अधिक वेळ मोडतो. मोटारीने आठशे किलोमीटरांहून अधिक प्रवास त्यांना झेपणारा नाही. अंतर मोजणाऱ्या एका संकेतस्थळावर विमानाचे अंतर सुमारे ७०० किलोमीटर आणि वेळ ५० मिनिटे दाखवली आहे. मात्र एवढ्याच अंतराच्या विमानांच्या वेळापत्रकांत छापलेली वेळ त्याहून बरीच अधिक दिसते. यांतले कोणते खरे मानावे?

भूगोलवेडा:
अंतर बरोबर आहे. उजळाईवाडी आणि सोनेगाव या दोन विमानतळांमधले पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर ७०० किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे सुमारे ३८० सागरी मैल भरते. वेळ मात्र निव्वळ भागाकाराची आहे: विमान पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत ताशी ८५० किलोमीटर वेगाने जाते असे धरले, की ५० मिनिटे येतात. प्रत्यक्षात चढताना आणि उतरताना वेग पुष्कळ कमी असतो. शिवाय वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणी जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यामुळे धावपट्टीपर्यंतचे सरकणे आणि रांगेत थांबणेही तिच्यात धरलेले असते.

विमान कोणते, हे आधी पाहा. एटीआर ७२ हे पंख्याचे विमान ताशी साधारण ५०० किलोमीटर वेगाने जाते, म्हणून त्याला पावणेदोन तास लागतील. एम्ब्रेअर १७५ सारख्या छोट्या जेटला सव्वा तास ते दीड तास पुरतो.

वर्धेकर:
वरील उत्तरात एक भर घालतो. कोल्हापूरची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडाला उडते. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असला, की ईशान्येला जाणारे विमान आधी पश्चिमेकडे उडून मग वळते. त्यात काही मिनिटे जातात. मात्र वर गेल्यावर तोच पश्चिमेचा वारा पाठीशी असला, तर थोडी भरपाईही होते. परतीच्या प्रवासाला थोडा अधिक वेळ लागला, तर त्यामागे हाच वारा असू शकतो.

थोडे विषयांतर: नकाशावर ही सरळ रेषा ओढून पाहा. सांगली, पंढरपूर, धाराशिव, परळी, यवतमाळ आणि आमची वर्धा ही सारी गावे तिच्यावर किंवा तिच्या अगदी जवळ येतात. वडिलांना डावीकडची खिडकी दिलीत, तर आकाश स्वच्छ असताना चंद्रभागेचे वळण दिसण्याचा संभव आहे. अर्थात विमाने ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात आणि ते मार्ग या रेषेपासून थोडे सरकलेले असू शकतात, त्यामुळे तसा शब्द त्यांना देऊ नका.

पंचगंगाकाठ:
दोघांचेही आभार. वडील चाळीस वर्षे वारी करत होते, त्यामुळे खिडकी डावीकडचीच घेईन. थेट विमान न मिळाल्यास मुंबईमार्गे जाण्याचा विचार होता. तो कितपत योग्य ठरेल?

भूगोलवेडा:
मुंबईमार्गे हवेतले अंतर हजार किलोमीटरांच्या आसपास जाते, पण खरा वेळ मधल्या थांब्यात जातो. तिकीट काढताना दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिले विमान उशिरा पोचून दुसरे चुकले, तरी पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. वडिलांसाठी चाकाच्या खुर्चीची मागणीही आरक्षणाच्या वेळीच नोंदवून ठेवा.