मुलांचे गेमिंग व्हिडिओ: गेमचं रेटिंग बघायचं की बोलणाऱ्याचा आवाज ऐकायचा?

इंदिरानगरची आई
माझा मुलगा तिसरीत आहे. त्याच्या वर्गातली बरीच पोरं गेम खेळत नाहीत पण दुसऱ्याने खेळलेल्या गेमचे व्हिडिओ बघतात, आणि सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर सारखा तोच प्रश्न असतो की अमुक चॅनल दाखवू का नको. उत्तर काय मिळतं, तर गेमचं वयाचं रेटिंग बघा. मला हे उत्तर अर्धवट वाटतं.

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधायच्या गेमला युरोपच्या पेगीचं, म्हणजे गेमना वयाचं रेटिंग देणाऱ्या संस्थेचं, रेटिंग ७ आहे आणि जीटीए ५ या गुन्हेगारी, मारामारीच्या गेमला १८. आता आपली पोरं हिंदीत बघतात काय, तर जीटीए मधल्या शिनचॅन आणि फ्रँकलिनच्या (हा त्या गेममधलाच माणूस) गोष्टी. गेम मोठ्यांचा, पण कार्टूनचं पात्र मॉड करून, म्हणजे गेममधे बाहेरून बदल करून, टाकलेलं, बोलणारा बऱ्याचदा एक शिवी देत नाही, गोष्ट काय तर गाडी हरवली, शोधली, घर बांधलं. उलट माइनक्राफ्ट खेळताना हरला की आईबहिणीवरून सुरू होणारे पण आहेत. रेटिंग देणाऱ्यांनी गेम बघितलाय, हा व्हिडिओ नाही बघितला, आणि बोलणाऱ्याचं तोंड तर नाहीच नाही.

म्हणून माझं म्हणणं, व्हिडिओ कानाने ठरवा. हेडफोन काढायला लावा, स्पीकरवर ठेवा, पोळ्या करता करता ऐका. माणूस कसा आहे ते लवकर कळतं. हरल्यावर काय बोलतो, टीममधे मुलगी आली की आवाज बदलतो का, लाइक नाही केलं तर तुमच्यासोबत वाईट होईल अशी भीती घालतो का, आणि मुख्य म्हणजे काय विकतो. फ्री डायमंड (गेममधले पैसे), रिडीम कोड, आयडी टाका असं बोलणारा चॅनल मी त्याच दिवशी ब्लॉक करते, मग त्याची भाषा कितीही गोड असो.

सातपूर सेकंड शिफ्ट
ताई, राग मानू नका पण हे ज्यांना घरी थांबता येतं त्यांच्यासाठी झालं. मी सातपूरला कंपनीत, शिफ्ट बदलत असते, बायको पण जॉबला, पोरगी सात वर्षांची आणि दुपारभर आजीजवळ. आजीला ऐकूच कमी येतं, मग कानाने कोण ठरवणार?

आणि दुसरं, शिवी नाही म्हणजे चांगला व्हिडिओ हे मला अजिबात मान्य नाही. शिनचॅनच्या नावाने पोरगी आत जाते आणि तिला गेमचं नाव, गाड्या, बंदुका सगळं पाठ होतं. उद्या मावसभावाच्या लॅपटॉपवर तोच गेम खराखुरा उघडला की समोर काय येतं ते खेळलेल्या कुणालाही विचारा. पेगीने १८ उगाच नाही दिलं. व्हिडिओ साधा असला तरी ओढ कशाची लागते ते बघा ना. माझ्या घरी दहा वर्षांपर्यंत गेमिंग व्हिडिओ बंद, चर्चा नाही.

कॉलेजरोडचा गेमर
दादा मी स्वतः बीजीएमआय (पबजीचं भारतातलं रूप) खेळतो, इंजिनिअरिंगला आहे, आणि जीटीए बद्दल तुमचा मुद्दा मला पण पटतो, पण सरसकट बंदीने काय होतं तर पोरं मित्राच्या फोनवर बघतात आणि मग घरी काही सांगतच नाहीत, हे मी माझ्या बॅचच्या पोरांच्या लहान भावंडांमधे बघतोय.

आईवडिलांची खरी गल्लत कुठे होते सांगू का, चित्रावरून ठरवतात. गन दिसली की वाईट, सॉफ्ट टॉय दिसलं की चांगलं. पॉपी प्लेटाइम २०२१ चा हॉरर गेम आहे. त्यातला तो निळा केसाळ लांब हातापायांचा हगी वगी, त्याची खेळणी बाजारात टांगलेली असतात आणि लोक दोन वर्षांच्या बाळाला घेऊन देतात. गेममधे तो दात दाखवत मागे धावतो. पाच वर्षांचं पोर हे बघून रात्री एकटं झोपत नाही आणि घरच्यांना वाटतं टेडी बघत होतं. त्यामुळे ताई, फक्त कानाने पण नाही चालणार. हॉररवाले पुष्कळदा शिवी देत नाहीत, हळू आवाजात बोलतात आणि मधेच एकदम किंचाळतात. स्क्रीन बघावीच लागते.

अजून एक, लाइव्ह आणि एडिट केलेला व्हिडिओ वेगळे धरा. एडिटमधे माणूस शिवी कापू शकतो. लाइव्हमधे जे निघालं ते निघालं, आणि बाजूला चॅट चालू असतो त्यात अनोळखी लोक काय वाट्टेल ते लिहितात. लहान मुलांना लाइव्ह नकोच. शॉर्ट्सचं पण तेच, अर्ध्या मिनिटात चॅनल बदलतं, मग ऐकणार कुणाचं आणि ठरवणार काय.

पण चांगलं पण सांगतो. माइनक्राफ्टमधे रेडस्टोन असतो, म्हणजे विजेच्या तारेसारखं काम करणारी वस्तू, त्याच्यावर दरवाजे, लिफ्ट, कॅल्क्युलेटर बनवणारे व्हिडिओ आहेत. मला लॉजिक गेट, म्हणजे कॉम्प्युटर हो-नाही कसं ठरवतो ते, कॉलेजच्या आधी तिथे कळलं.

पंचवटीतले गुरुजी
मी निवृत्त शिक्षक. सगळ्यांचं वाचलं. कुठला व्हिडिओ चांगला यावर एवढा खल चाललाय, पण किती वेळ हा प्रश्न कुणी काढला नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मधे सांगितलंय की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षं जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षं दोन तासांपेक्षा कमी, आणि यात टीव्ही, मोबाईल सगळं आलं. आधी हे पाळा. दुसरा माणूस खेळतोय आणि आपण बसून बघतोय, यात मुलाच्या हाताला काय मिळतं? गोदाघाटावर, मैदानावर न्या त्याला.

कॉलेजरोडचा गेमर
गुरुजी नमस्कार. पण दुसऱ्याचा खेळ बघणं वाईट कसं? गोल्फ क्लब ग्राउंडवर रणजीची मॅच असली की अख्खं नाशिक बघायला जातं, आणि पोरं तिथूनच शॉट शिकून गल्लीत मारतात.

पंचवटीतले गुरुजी
बाळा, मॅच संपते. संध्याकाळ झाली की स्टंप काढतात आणि सगळे घरी जातात. तुमच्या फोनवर एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो, स्टंप काढणारा कोण आहे तिथे? हा बीजीएमआय २०२१ ला आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना खेळायला दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. त्याचेच व्हिडिओ बघायला किती तासांची मर्यादा आहे ते सांग.

इंदिरानगरची आई
गुरुजी, हा मुद्दा एकदम बरोबर. ऑटोप्ले बंद करणं हे पहिलं काम, चॅनल चांगला का वाईट ते त्याच्यानंतर.

नाशिकरोडची वकील
पालकांनी काय काय करावं याची यादी वाढतच चाललीये, आणि मला त्याचाच राग येतो. ओटीटीवरच्या सिरीजला २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असं लिहावं लागतं. पण कुणीही उठून टाकलेल्या यूट्यूब व्हिडिओला यातलं काही लागू नाही. म्हणजे दोनशे लोकांच्या टीमने बनवलेल्या सिरीजवर वय लिहिलेलं असतं, आणि जे मूल रोज बघतं त्याच्यावर काहीच नसतं.

आणि ते 'मेड फॉर किड्स' दिसलं की आया निश्चिंत होतात, तर तेही समजून घ्या. २०१९ मधे अमेरिकेत गुगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले, कारण मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा करून त्यावर जाहिराती दाखवल्या. त्यानंतर २०२० पासून प्रत्येक चॅनलवाल्याला स्वतः सांगावं लागतं की व्हिडिओ मुलांसाठी आहे का. तसा शिक्का असला की कमेंट बंद होतात, बघणाऱ्याच्या आवडीप्रमाणे जाहिराती दाखवणं बंद होतं. ही सगळी माहितीच्या खाजगीपणाची भानगड आहे. व्हिडिओ चांगला आहे असं त्यात कुणी कुठेही म्हटलेलं नाही. शिक्का बघून फोन हातात देणं म्हणजे फसगत.

माझं मत, नियम कंपन्यांवर हवेत. ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या गेमवर संसदेने ऑगस्ट २०२५ मधे कायदा केला, त्यांच्या जाहिरातींवर पण बंदी आली. मनात आणलं की होतं.

कॉलेजरोडचा गेमर
कायदा आला तरी जुन्या व्हिडिओंच्या मधे स्ट्रीमरने, म्हणजे खेळून दाखवणाऱ्याने, स्वतः बोलून केलेली जाहिरात तशीच असते ना ताई. ती कोण कापणार? आणि ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियाचं अकाउंट बंद केलं, यूट्यूब पण त्यात आहे, पण लॉगिन न करता व्हिडिओ बघता येतातच. म्हणजे अकाउंटमधल्या पालकांच्या सेटिंग गेल्या आणि बघणं चालूच.

दिंडोरीकर
आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीला घरातले सगळे बागेत असतात आणि पोरगा फोन घेऊन झाडाखाली, ही खरी परिस्थिती. बंदी पण जमत नाही आणि शेजारी बसून ऐकणं पण जमत नाही. सोपं काय ते सांगा.

कॉलेजरोडचा गेमर
भाऊ, वय किती ते महत्त्वाचं. नऊच्या खाली असेल तर यूट्यूब किड्स, म्हणजे लहान मुलांसाठीचं वेगळं यूट्यूब, टाका आणि त्यात फक्त तुम्ही निवडलेलं दिसेल असा पर्याय आहे तो लावा. सर्च बंद होतो, तुम्ही रविवारी बसून निवडाल तेवढेच चॅनल आणि व्हिडिओ, बाकी काही उघडतच नाही. नऊच्या वर असेल तर गुगलचं फॅमिली लिंक घेऊन त्याचं अकाउंट तुमच्या अकाउंटला जोडा, त्यात नऊच्या पुढचं, तेराच्या पुढचं असे टप्पे आहेत. पण नऊच्या टप्प्यात पण गेमिंग व्हिडिओ येतात हे धरून चाला. हिस्टरी रात्री बघा आणि जो नको तो चॅनल ब्लॉक करा. हिस्टरी रिकामी दिसली तर ओरडायच्या आधी विचारा का पुसली. आणि फोनला यूपीआय असेल तर त्याचा पिन पोराला माहीत नको, टॉपअप, म्हणजे गेममधे पैसे भरणं, तिथूनच होतात.

सातपूर सेकंड शिफ्ट
निवडलेलं तेवढंच दिसतं हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे स्मार्ट टीव्ही आहे, त्याच्यावर टाकतो, म्हणजे आजीला ऐकू नाही आलं तरी समोर मोठं दिसेल आणि हॉरर असेल तर ती उठून बंद करेल. रेडस्टोनवाले दोन-तीन चॅनल नावासकट सांग, रविवारी सुट्टी आहे, मी स्वतः बघून मग घालतो. पण जीटीए वालं काहीही नाही, शिनचॅन असो नाहीतर अजून कोणी.

इंदिरानगरची आई
दादा, जीटीए वर आपलं जुळणार नाही असं दिसतंय. माझ्याकडे तो एक चॅनल स्पीकरवर चालूच राहील, कारण मुलगा मला येऊन सांगतो की आज फ्रँकलिन असं का वागला, आणि त्यावर आम्ही बोलतो. तुमच्या मुलीचं वय सात आहे, त्या वयाला मी पण कदाचित नसता लावला.

नाशिकरोडची वकील
रविवारी जे चॅनल घालाल त्यांची नावं इथे टाका, आणि का निवडले तेही एका ओळीत लिहा. काय वाईट निघालं तेही लिहा.