मदत हवी आहे: खालचा जबडा पुढे, फेसमास्क आत्ता लावावा की थांबावं?

लेक ८ वर्षांची आहे. खालचे पुढचे दात वरच्यांच्या पुढे येतात. सफरचंद समोरून तुटतच नाही, मान वाकडी करून दाढेने तोडते. एक ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात-जबडे सरळ करणारे दंतवैद्य) म्हणतात फेसमास्क, म्हणजे कपाळ-हनुवटीवर टेकवून रबरांनी वरचा जबडा पुढे ओढणारी चौकट, लगेच सुरू करा, दुसरे म्हणतात वाढ पूर्ण होऊ दे, मग जबड्याच्या शस्त्रक्रियेचं बघू. आम्ही मधल्यामध्ये लटकलोय.

थोडं वाचलं. ब्रिटनमध्ये ७ ते ९ वर्षांच्या ७३ मुलांवर चाचणी झाली होती, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून. सहा वर्षांनी पाहिलं तर फेसमास्क लावलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना शस्त्रक्रियेची गरज वाटत होती, न लावलेल्यांपैकी ६६ टक्क्यांना. आकडा मोहात पाडणारा आहे, पण मुलं मोजकीच, आणि लावूनही तिघांतल्या एकाला गरज उरलीच की! शिवाय हाडांची वाढ त्यानंतरही चालू राहते, खालच्या जबड्याची तर जास्तच.

दुसरा मार्ग हाडात छोट्या पट्ट्या बसवून आतूनच रबर लावण्याचा. चेहऱ्यावर काही दिसत नाही, पण त्यासाठी छोटी शस्त्रक्रिया लागते आणि वयही थोडं मोठं, साधारण ११च्या पुढे.

ज्यांच्या मुलांनी फेसमास्क वापरलाय त्यांनी कृपया सांगा: रोज १२-१४ तास खरंच जमतं का? कपाळावर, हनुवटीवर वळ उठतात का? आणि वयात येताना जबडा परत पुढे सरकला का? आमच्या घराण्यात आजोबांपासून हीच हनुवटी आहे, म्हणून हा शेवटचा प्रश्न जास्त छळतोय.