घरी शिकणाऱ्या लेकरांना परदेशी भाषा कधी? माझं मत: अकरा-बाराच्या आधी नको

अंबाजोगाईची आई
आमची दोन्ही लेकरं घरीच शिकतात. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दहावी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून द्यायची. तिथं वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषयांत एक भाषा असली तरी चालतं आणि ती मराठीही असू शकते. म्हणजे परीक्षेपायी तरी घाई नाही. पण २०२४ साली राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि तेव्हापासून लग्नाकार्यात भेटेल तो विचारतो, "जर्मन लावलं का लेकरांना?"

माझं म्हणणं, अकरा-बाराच्या आधी लावायचं नाही.

घरी शिकणाऱ्या लेकराला वेळापत्रक नसतं, पण दिवस तेवढाच असतो. एक गोष्ट सुरू केली की दुसरी मागं पडते. माझी मुलगी आत्ता कुठं मराठी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायला लागलीय. जेवायला हाक मारली तर "एवढं पान होऊ दे" म्हणते. तो वेळ काढून घेऊन तिच्याकडून रंगांची जर्मन नावं घोकून घ्यायची? इंग्रजी चालूच आहे. बाजारात भाजीवाल्या चाचांशी ती दख्खनीत "नक्को, कम करो" करून भाव पाडते, ते तर कुणी शिकवलेलंही नाही.

आता 'लहानपणीच सगळं पटकन येतं' याबद्दल. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि सहकाऱ्यांनी आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या शाळकरी मुलांची तुलना केली. २००, ४१६ आणि ७२६ तासांनंतर चाचण्या घेतल्या. तासिका सारख्याच, तरी उशिरा सुरू केलेली मुलं पुढं होती. आठवड्याला दोन तास धरले तर २०० तासांना दोन वर्षं जातात. सहाव्या वर्षी दोन वर्षं खर्चून जे हाती लागतं ते पुढं निम्म्या त्रासात येत असेल, तर ही घाई लेकरासाठी आहे का आपल्यासाठी? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही जपानी, जर्मन, कोरियन या भाषा माध्यमिक टप्प्यावरच ठेवल्यात.

वाळूज, दुसरी पाळी
ताई, तासांचा हिशेब बरोबर मांडला, उच्चाराचा मात्र राहिला. व्याकरण मोठेपणी येईल, जीभ वळायची नाही. आणि व्याकरणाचं म्हणाल तर हार्टशोर्न, टेनेनबाम आणि पिंकर या संशोधकांनी २०१८ साली सुमारे ६.७ लाख लोकांच्या इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीवरून लिहिलं की त्या भाषेत जन्मलेल्यांच्या बरोबरीनं यायचं असेल तर दहाच्या आसपास सुरुवात झालेली बरी.

आमची सात वर्षांची. ती शाळेत जाते, पण जपानी आम्ही घरीच सुरू केलं. हिरागाना या जपानी लिपीचा तक्ता भिंतीवर लावला, ४६ अक्षरं. दुसऱ्या दिवशी म्हणते, "पप्पा, हे तर आपल्यासारखंच आहे." स्वर अ, इ, उ, ए, ओ, पुढं का, सा, ता, ना. खरंच तो क्रम बौद्ध धर्माबरोबर तिकडं पोचलेल्या संस्कृत वर्णमालेवरून आला, असं अभ्यासक मानतात. तिला तो अभ्यास वाटलाच नाही. बारा वर्षांचं पोरगं असतं तर तोंड उघडायला लाजलं असतं.

अंबाजोगाईची आई
त्याच अभ्यासात व्याकरण शिकायची ताकद सतराव्या वर्षापर्यंत टिकते असंही आहे की. तेवढं गाळलंत, दादा. आणि जन्मजात भाषकासारखं कुणाला व्हायचंय? जर्मनीत नर्सिंगला जाणाऱ्या मुलीकडं जर्मनच्या बी-१, बी-२ पातळीचं प्रमाणपत्र मागतात, जर्मन आजी मागत नाहीत.

वाळूज, दुसरी पाळी
😄 मान्य. पण लाजण्याचं काय ते बोला.

लेणी क्रमांक १०
मी वेरूळला पाहुणे फिरवतो. जपानी शिकायला घेतलं ते बी.ए. झाल्यावर. उच्चारात अजून मराठवाडा ऐकू येतो, जपानी पाहुणे गालात हसतात. पण विश्वकर्मा लेण्यात छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडात का कोरल्या, हे त्यांना त्यांच्या भाषेत कळतं आणि ते वही काढून लिहून घेतात. पोटापाण्यासाठी शिकायचं तर कधीही शिकता येतं. सातव्या वर्षी शिकलेलं पंधराव्या वर्षापर्यंत कुणाशी बोलणार, ते आधी ठरवा. माझ्या पुतण्याला लहानपणी फ्रेंच लावलं होतं, आज त्याला आकडे पण आठवत नाहीत.

निवृत्त मास्तर, परभणी
परदेशी म्हणजे काय, इथूनच सुरुवात करा. आमच्या वडिलांची सगळी शाळा उर्दूतून झाली. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतच. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. घरी मराठी, शाळेत उर्दू, देवळात संस्कृत स्तोत्रं. गोंधळ झाला नाही. सहाव्या वर्षी दुसरी भाषा आली म्हणून डोकं फुटत नाही, हे अनुभवानं सांगतो.

आणि भाषा सोडली की काय होतं तेही पाहिलं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा जुने कागद वाचायला उर्दू आणि मोडी जाणणारी माणसं शोधत फिरावं लागलं. घरात वाचता येत होतं, दोन पिढ्यांत गेलं. म्हणून मी वाळूजकरांच्या बाजूनं. लवकर लावा आणि चालू ठेवा.

अंबाजोगाईची आई
गुरुजी, तुमच्या वडिलांना उर्दू रोज कानावर पडत होती. कचेरीत, बाजारात, शाळेत. माझ्या मुलाला जर्मन कोण ऐकवणार? आठवड्यातून दोनदा पडद्यावर येणारी मॅडम?

उदगीरकर
बरोबर. आमच्याकडं बाजारात कन्नड, तेलुगू, दख्खनी तिन्ही ऐकायला येतात. बीदर जवळच. लेकराला चौथी भाषा हवीच असेल तर कन्नड घ्या. मास्तर फुकट, शेजारी बसलेला आहे.

वाळूज, दुसरी पाळी
कन्नड शिकून ओसाकाला कसं जायचं?

उदगीरकर
बंगळुरूहून, विमानानं 😀

तांड्यावरचा
सगळे आपापल्या सोयीचं बोलायलेत. आमच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. पहिलीत गेलो तेव्हा मला मराठी हीच परदेशी भाषा होती. बाईंनी "पाटी काढ" म्हटलं तर मी शेजारच्या पोराकडं बघायचो आणि तो करील तसं करायचो. दुसरी संपेपर्यंत वर्गात तोंड उघडलं नाही. तिसरीत धाडधाड बोलायला लागलो. आता मराठीतच शिकवतो.

तेव्हा लहान वयात जमतं का, हा प्रश्न आमच्यासाठी नाहीच, जमवावंच लागतं. पण ती दोन गप्प वर्षं मजेची नव्हती, तेही लिहून ठेवा. ज्यांना वेळ निवडता येतो त्यांनी तरी लेकराला त्या जागी बसवू नये. ताई, तुम्ही सांगितलेलं सुरुवातीचं वय पटलं, कारण पटलं नाही. तुम्ही तासांवर बोलताय. मी म्हणतो, लेकराला आपण काय म्हणतोय ते समजून घेणारं कुणी समोर आहे का ते बघा. असेल तर पाचव्या वर्षी पण लावा. नसेल तर बाराव्या वर्षी लावलं तरी ते ढिम्म बसणार.

लेणी क्रमांक १०
याला शंभर टक्के दुजोरा.

निवृत्त मास्तर, परभणी
तांड्यावरच्या सरांचं पटतं, पण तिसरीत धाडधाड बोलायला लागले ना? मग माझंच खरं झालं.

तांड्यावरचा
गुरुजी, तुम्ही वर्गात पण असंच करायचे का?

जालन्याची मावशी
एक साधा प्रश्न. ताई, मुलगी बाराची होईल तेव्हा मुलगा नऊचा असेल. घर एकच. तिची जर्मनची मॅडम पडद्यावर आली की त्याला अंगणात पाठवणार का? आमच्याकडं मोठीला हार्मोनियम लावली तर धाकटीनं पेटी आधी वाजवायला घेतली.

अंबाजोगाईची आई
मावशी, याचा विचार नव्हता केला असं नाही. बसू दे शेजारी. पण त्याच्या नावानं वही काढणार नाही, फी भरणार नाही आणि पाहुण्यांसमोर "बोलून दाखव" म्हणणार नाही.

वाळूज, दुसरी पाळी
म्हणजे नऊलाच सुरू झालं की, ताई!

अंबाजोगाईची आई
मुलीचं बाराला. मुलाचं काय व्हायचं ते होऊ दे.