शब्दचर्चा : 'स्कॅफोल्ड'ला काय म्हणावं? सांगाडा, साचा, की परांची?

राजारामपुरी नववी गल्ली : खुब्याच्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. सीटी स्कॅनवरून हाडाचं मॉडेल करतात, त्या मापाचा सच्छिद्र तुकडा थ्रीडी प्रिंटरवर तयार करून खुब्यात बसवतात. मग छिद्रांतून रक्तवाहिन्या शिरतात आणि रुग्णाचं स्वतःचं हाड आत वाढतं. या तुकड्याला इंग्रजीत स्कॅफोल्ड म्हणतात. मी 'सांगाडा' लिहिलं. आईनं वाचून विचारलं, "अख्खा सांगाडाच बदलत्यात व्हय?" शिवाय इम्प्लांटला, म्हणजे शरीरात बसवायच्या अशा वस्तूला, 'प्रत्यारोपण' म्हणणं मला पटत नाही.

जुना मास्तर : पटू नयेच. प्रत्यारोपण किडनीचं, एकाच्या देहातून काढून दुसऱ्याच्या देहात. 'खुबा प्रत्यारोपण' वाचलं की कुणाचा तरी खुबा काढून आणलाय असं वाटतं. धातूचा सांधा बसवला तर सरळ 'सांधेबदल' म्हणा. 'रोपण' ही क्रिया झाली, वस्तू नव्हे. वस्तूला इम्प्लांटच राहू द्या, गावोगावी कळतो. आणि मांडीचं हाड ज्या खळग्यात बसतं त्याला 'खुब्याची वाटी' लिहिताना जपून, आपल्याकडं वाटी म्हटली की गुडघ्याची. शाळेच्या पुस्तकात 'उखळीचा सांधा' आहे, त्यावरून 'उखळ' घ्या.

पन्हाळ्याकडची : रोपणाऐवजी कुणी 'लागण' सुचवू नका म्हणजे झालं. उसाची लागण वेगळी, खुब्याला लागण झाली तर परत ऑपरेशन.

शिरोलीचा मोल्डर : ताई, 'साचा' तर अजिबात नको. मी वाळूचे साचे भरतो. लोखंडाचा रस ओतायचा, थिजला की साचा फोडायचा. साच्याची वाळू मालात राहिली तर माल रिजेक्ट. तुमच्यात उलटं हाय, हाड त्या तुकड्यातच शिरून बसतंय. आणि आमच्यात भोक म्हणजे ब्लो-होल, शिव्या खायचं काम. तुमच्यात भोकंच पायजेत! केवढी असत्यात?

राजारामपुरी नववी गल्ली : साधारण 300 ते 600 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्याच्या थोडं वर. फार बारीक असली तर रक्तवाहिन्या नीट शिरत नाहीत, फार मोठी झाली तर तुकडा कच्चा पडतो.

मिरजकर तिकटी : मग सेंट्रिंग म्हणा की. स्लॅब घट्ट होईपर्यंत आधार, नंतर काढायचं. परांची आता बोलण्यात कोण वापरतंय?

जुना मास्तर : आम्ही वापरतो. पण मुद्दा वेगळा आहे. परांची काय, सेंट्रिंग काय, दोन्ही काढावं लागतं. हे कोण काढणार? दुसरं ऑपरेशन?

राजारामपुरी नववी गल्ली : इथंच गोम आहे. कॅल्शियम फॉस्फेटचा तुकडा शरीर हळूहळू विरवतं आणि त्या जागी हाड येतं. टायटॅनियमचा विरत नाही, हाड त्याच्या छिद्रांत घट्ट धरतं आणि तो तिथंच राहतो.

जुना मास्तर : तर मग दोघांना एका शब्दात कोंबू नका. राहते ती 'जाळी', विरते ती 'विरणारी परांची'. परांची आपोआप विरते हे ऐकून गवंडी खूश होतील.

पन्हाळ्याकडची : रीजनरेशनला, म्हणजे हाड पुन्हा वाढण्याला, 'फुटवा' कसा वाटतो? उसाच्या बुडख्याला पुन्हा कोंभ येतात आणि खोडवा उभा राहतो, तसंच की.

शिरोलीचा मोल्डर : फुटवा शेतात. 'हाडाला फुटवा आला' म्हणालीस तर पेशंट विचारंल, कुठं फुटलं?

पन्हाळ्याकडची : हां, तेही खरं.

राजारामपुरी नववी गल्ली : 'हाड भरून येतं' लिहिते. जखम भरून येते तसं. 'मापाचा' हा शब्दही राहील, मापाचं चप्पल म्हणतोच आपण. 'छापलेला' काढते, छापील म्हटलं की किंमत नाहीतर लग्नपत्रिका डोळ्यापुढं येते. भुकटीचे थर वितळवून एकावर एक चढवतात, म्हणून 'थरांनी घडवलेला'. एकच अडचण उरली. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाला 'डोकं' म्हणतात. वाक्य झालं, "हाडाचं डोकं उखळात नीट बसत नाही." आई म्हणाली, "उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन कसं चालंल?"

जुना मास्तर : डोकं काढा, 'गोळा' लिहा. उखळ ठेवा.